गिलिटाची साखळी

“मान वर कर,” हौसाआत्या म्हणाली.

अक्कांनी मान वर केली. दुपारचं ऊन सोप्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आत्यानं अक्कांच्या हनुवटीखाली बोट घातलं, मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, बाजारात म्हशीचे दात बघतात तशी. मग तेच बोट स्वतःच्या पदराला पुसलं.

“कुठं गेलं?” तिनं विचारलं.

“काय?”

“मलाच इचारतीस व्हय? धा वर्सं गळ्याभोवती नायट्याची माळ होती तुझ्या. जालिंदर होता तवर होती. त्यो गेला, आन् मान कशी केळीच्या गाभ्यासारखी निघाली?”

अक्कांनी हनुवटी खाली घेतली. मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते, ते ताट तसंच हातात राहिलं. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आई म्हणायचो, भिंतीकडेला बसून चिंचा फोडत होत्या. त्यांचा हात तेवढा थांबला.

मालनअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांचे मालक जालिंदर, माझे थोरले भावजी, उसाच्या हंगामात गेले. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघाले होते, अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल गेली. वाडीतलं दूध संकलन केंद्र ते चालवायचे. सुतक फिटल्यावर केंद्राच्या सचिवांनी, सर्जेरावांनी, निरोप धाडला की मालनताईंना दुधाची फॅट काढता येते, त्यांनीच बसावं. अक्का बसायला लागल्या. एवढीच गोष्ट. पण गावाला एवढं पुरतं. बाई गल्ल्यावर बसली, समोर परका बाप्या, त्यात बाईचा गळा उजळला. दोन आणि दोन चार करायला कुणाला शाळा लागत नाही.

आणि गळा उजळला होता हे खरंच होतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचा गळा बघत आले होते. मागं मानेवर, कडेनं, पार हाडाजवळ लाल चट्टा. उन्हाळ्यात त्याला पाणी सुटायचं, मग खपली धरायची, मग परत पाणी. कुणी गजकर्ण म्हणालं, कुणी नागीण म्हणालं. लिंबाचा पाला झाला, करंजाचं तेल झालं, देवीला ओटी झाली. रात्री झोपेत सुद्धा बाईचा हात मानेवर असायचा. आणि आता ऐन वैशाखात, आम्हा सगळ्यांच्या अंगावर घामोळं उठलेलं असताना, त्यांची मान धुतल्या तांदळासारखी.

हौसाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. सासरे कधीच वारले होते, त्यामुळं माहेरचं वडीलपण तिनं आपल्या अंगावर घेतलं होतं. तिच्या गावात कुणीतरी काहीतरी पचकलं, की ही यस्टीत बसलीच. तिला मी तोंडावर अहो-जाहो करायचे, मनात अगं-तुगं.

“बोल की,” आत्या म्हणाली. “कुणाचं औषध लागू पडलं?”

“औषध न्हाय आत्या. साखळी निघाली.”

“कसली साखळी?”

“गळ्यातली.” अक्कांचा आवाज एवढासा झाला होता. “मंगळसूत्राची मागची साखळी. गिलिटाची. तिनंच उठत होतं. मिरजेच्या डाक्टरांनी सांगितलं होतं. काही काही अंगाला तसला धातू सोसत न्हाय म्हणाले. साखळी काढा, महिन्यात बरं वाटंल, म्हणाले.”

आमच्याकडं सोनं वाटीपुरतंच. पुढं दोन वाट्या सोन्याच्या, त्यांच्या दोन्ही अंगाला काळे मणी, आणि मागं सगळी साखळी गिलिटाची, वरनं नुसता सोन्याचा मुलामा. अक्कांची तशी, माझीही तशीच.

“मग तवाच का न्हाय काढली?”

अक्कांनी आत्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता रडतील. पण त्या रडल्या नाहीत.

“त्यांनी दवाखान्यातच सांगितलं, काढ म्हणून. म्हणाले, मी काय तुझ्या गळ्यातल्या तारेवर जगतोय का? मीच न्हाय काढली. कसं काढू? खाजवत बसंन म्हणलं, पण त्यांना काय हुयाला नगं.”

भावजी गेल्यापासून एवढं मोठं बोलणं अक्कांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटलं, झालं, आता आत्याला काय बोलायचं राहिलं? पण मी तिला ओळखलं नव्हतं.

“बोलनारा वर गेला,” आत्या म्हणाली. “त्याला इचारायला कोन जानार? आन् गिलिटाची साखळी तर छबूच्या बी गळ्यात हाय. तिला का न्हाय उठत?”

आता माझं नाव निघालं म्हटल्यावर मी कशाला गप्प बसते. मी ताट खाली ठेवलं.

“आत्या, वांगं खाल्लं की तुमच्या अंगाला खाज सुटते. मला नाही सुटत. मग काय ते वांग्याला विचारायचं का?”

“तुझी जीभ लई चालती.”

“माझी जीभ तरी चालते. तुमचा सगळा संशयच चालतो.”

“छबू,” आमचे हे बोलले. निवृत्ती त्यांचं नाव. इतका वेळ पाटावर बसून पायाची नखं बघत होते, आता बायकोला गप्प करायला बरा कंठ फुटला.

आत्या त्यांच्याकडंच वळली. “हे बघ निवृत्ती. मी काय तिच्या वायटावर न्हाय. पर घराचं नाव जातंय. हिला माहेरी धाडा. दोन-चार वर्सं तिकडं ऱ्हाऊ दे. सारिका हितंच. पोरगी आपल्या रक्ताची हाय. आन् त्या डेरीची किल्ली आधी तुझ्याकडं घे.”

सारिका म्हणजे अक्कांची लेक. पहिलीत होती. त्या वेळी ती अंगणात शेंगांची फोलपटं चुलीसाठी गोळा करत होती, आणि तिचं नाव ऐकून तिनं आत डोकावलं. अक्कांनी तिला हातानंच बाहेर जा म्हणून खुणावलं.

आमच्या ह्यांनी हात पुढं केला. खाली बघतच केला. अक्कांनी कनवटीची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली. मला अशी चीड आली की ते सगळं चहाचं ताट उचलून भिरकावून द्यावं.

“माझी सारिका मी ठेवून जानार न्हाय,” अक्का म्हणाल्या.

“मग खरं काय ते सांग.”

“खरंच सांगितलं.” अक्का उठून उभ्या राहिल्या. “तुमाला पटत न्हाय ना? आणा ती साखळी. घालते. उठतंय का न्हाय, ते तुमच्या डोळ्यांनी बघा.”

हे बोलणं ऐकून आत्याचाही हात तोंडावर गेला. नवरा गेलेल्या बाईनं मंगळसूत्र गळ्यात घालायचं? पण मागं हटेल ती हौसाआत्या कसली. आणि आमचे हे म्हणाले, “तसं झालं तर बरंच हाय की. मिटून जाईल.” पुरुषांना मिटण्याची फार घाई.

तेव्हा आई उठल्या.

आमच्या आईंविषयी सांगायला हवं. बाई गप्प. इतकी गप्प, की लग्नानंतर पहिले काही दिवस मला वाटलं, माझ्यावर रुसल्यात. पदर कायम गळ्याभोवती घट्ट, वैशाखात सुद्धा. गळ्यावर डाग होता म्हणे. कुणाच्यातरी लग्नात पुऱ्या तळताना तेल उडालं होतं. मी तो कधी धड बघितला नव्हता, आणि विचारावं असं तोंडही त्यांनी कधी दिलं नव्हतं.

त्यांनी देवळीतला पितळेचा डबा काढला. त्यात अक्कांचं मंगळसूत्र होतं, वाट्या सारिकासाठी मोडायच्या म्हणून ठेवलेलं. आईंनी कोनाड्यातला अडकित्ता घेतला. दोन वाट्या कातरून वेगळ्या केल्या. मग काळे मणी कातरले. मणी भुईवर घरंगळले, ते एकेक करून वेचले आणि डब्यात टाकले. हातात उरली नुसती साखळी.

“आता ही तार हाय,” आई म्हणाल्या. “मंगळसूत्र न्हाय. हिनं काय अशुभ होत न्हाय. आन् गळ्यात न्हाय. मनगटाला बांधायची.”

अक्कांच्या डाव्या मनगटावर त्यांनी ती साखळी दुहेरी करून घट्ट बांधली. आत्या बघत होती.

“उद्या दुपारच्या यस्टीनं मी जानार,” ती म्हणाली. “त्याच्या आधी कळंल. उठलं, तर मी तोंड मिटून जाईन. न्हाय उठलं, तर हिचं गठुडं माझ्यासंगंच निघंल. हिच्या माहेरच्या फाट्यावर उतरवीन.”

त्या दिवशी घरात कामं झाली, पण सगळी हातांनी झाली, मन कुणाचंच कामात नव्हतं. मी भाकरी थापत होते आणि दर भाकरीला अक्कांच्या मनगटाकडं बघत होते. काही नाही. ताटासारखं स्वच्छ मनगट. संध्याकाळी आमच्या ह्यांनीच केंद्र उघडलं, आणि त्यांना फॅट काढता येत नसल्यानं सगळं दूध अंदाजावर घेतलं. लोकांनी शिव्या घातल्या. मला बरं वाटलं.

दिवेलागणीला सारिका अक्कांच्या मांडीवर येऊन बसली आणि साखळी बोटानं फिरवायला लागली.

“आई, ही राखी हाय?”

“व्हय.”

“कुणी बांधली?”

“हौसाआजीनं,” अक्का म्हणाल्या.

“आजी लई चांगली हाय,” सारिका म्हणाली. तिला राख्या फार आवडायच्या.

ती उठून गेल्यावर अक्का माझ्याकडं वळल्या. “छबू, न्हाय उठलं तर?”

“उठेल.”

“महिने झाले की गं साखळी काढून. अंग इसरलं बी असंल.” त्यांनी मनगट चुलीच्या उजेडात धरलं. “धा वर्सं देवाला हात जोडले, खाज जाऊ दे म्हणून. आज येऊ दे म्हणून जोडतीय. त्यो बी म्हनत असंल, ह्या बाईला नक्की काय पायजे?”

हसायला येण्यासारखं होतं. मी हसले पण. मग दोघींनी तोंडात पदर घेतला, आणि मला समजेना, आम्ही हसतोय की रडतोय.

सकाळी उठल्याबरोबर मी आधी मनगट बघितलं. साखळीखाली जराशी लाली होती, पण ती घट्ट बांधल्याचीही असेल. आत्यानं बघितली असती तर तेच म्हणाली असती. अक्का शेणाची पाटी घेऊन गोठ्यात गेल्या, आणि आत्यानं सोप्यात आपली पिशवी भरायला घेतली. ती पिशवी बघितली आणि माझं डोकं फिरलं.

आमच्या औषधाच्या टोपलीत बिब्बे असायचे. पायात काटा मोडला, गुरांना काही झालं, की बिब्बा. त्याचं काळं तेल नुसतं कातडीला लागलं तरी फोड येतात, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मी एक बिब्बा उचलला, दाभण घेतलं आणि मागच्या परसात न्हाणीच्या चुलवणापाशी गेले. दाभण निखाऱ्यात धरलं. तापलेलं दाभण बिब्ब्यात खुपसायचं, तेल निघेल ते अक्कांच्या साखळीखाली थोडं थोडं लावायचं. आत्याला पुरळ बघायचं आहे ना? घे म्हणावं, पोटभर बघ. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजही वाटत नाही. लबाडाशी लबाडी करायला कुठलं पाप लागतं?

“काय करतीस?”

मागं आई उभ्या होत्या. पाण्याची कळशी कमरेवर. मी बिब्बा पदराखाली घ्यायला गेले, पण त्यांनी बघितलं होतं. कळशी खाली ठेवून त्या माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि माझ्या मुठीतून बिब्बा काढून घेतला.

“ह्यानं तसं उठत न्हाय,” त्या म्हणाल्या. “ह्यानं जळतं. फोड येतो, फुटतो, आन् काळं पडतं. मग ते कवाच जात न्हाय.”

“आई, डाग नाही गेला तरी—”

“बघ,” त्या म्हणाल्या, आणि गळ्याचा पदर सोडला.

मी पहिल्यांदा तो डाग बघितला. डाग कसला, पट्टा होता. एका कानाखालून दुसऱ्या कानाखाली, काळा, आवळलेल्या कातडीचा, जागोजाग सुरकुतलेला. उडालेलं तेल असं पडत नाही. उडालेलं तेल इकडं एक थेंब, तिकडं एक थेंब पडतं. हा सगळा एका रेघेत होता, गळ्यात साखळी बसते त्या रेघेत.

“माझ्या बी गळ्यात गिलिटाचीच होती,” आई म्हणाल्या. “मला बी उठायचं. तुझे सासरे गेले, साखळी निघाली, आन् मान साफ झाली. मला ठावं न्हवतं कशानं झाली. मला वाटलं, देवानं एक घेतलं आन् एक दिलं. पाणवठ्यावर बाया बघाया लागल्या. मग हौसा म्हणाली. तवा तिचं लगीन व्हायचं होतं. सगळ्यांच्या देखत म्हणाली, दादा गेल्यापासनं वयनी लई छान दिसाया लागली.”

त्यांनी बिब्बा हातात फिरवला.

“मामंजींनी माझं गठुडं बांधायला सांगितलं. जालिंदर चालत होता, निवृत्ती अंगावर पीत होता. दोघं बी हितंच ऱ्हानार होते. मी हितंच बसले होते, ह्याच चुलवणापाशी.”

तापलेलं दाभण मी राखेत खुपसलं.

“लई दुखलं का?” मी विचारलं. कसला वेडा प्रश्न.

“मग कुणी काय बोललं न्हाय,” आई म्हणाल्या. “सगळ्यांना बरं वाटलं. तेल उडालं म्हणाले, बिचारी म्हणाले. हौसानंच लोणी लावलं मला. रोज लावायची.”

“मग काल का बोलला नाहीत तुम्ही? काल सोप्यात?”

आईंनी बिब्बा मुठीत धरला. मग म्हणाल्या, “जीभ उचलंना. झाकून झाकून सवय झाली. मला वाटलं, साखळी बांधली, उठंल, आन् हौसा जाईल. माझं झाकलेलं झाकलेलंच ऱ्हाईल.” त्यांनी बिब्बा चुलवणात टाकला. तो तडतडला आणि त्याचा काळा धूर निघाला. “आन् तू हितं दाभण तापवत बसलीस.”

तेवढ्यात अक्का गोठ्यातून आल्या. धावतच आल्या म्हणा. हात पुढं धरला होता.

“छबू. आई. बघा.”

उठलं होतं. साखळीच्या दोन्ही अंगाला, मनगटभर, बारीक बारीक दाणे, लालभडक, आणि लाली पार कोपराकडं निघालेली. अक्का दुसऱ्या हातानं खाजवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंडावर असं हसू, की त्यांच्या लग्नात तरी त्या तशा हसल्या असतील की नाही कोण जाणे.

मी उभी राहिले. “चला,” मी म्हटलं, “आधी आत्याच्या नाकाखाली धरू. मग गावभर फिरवू.”

“थांब,” आई म्हणाल्या.

त्यांनी अक्कांचा हात मांडीवर घेतला. साखळीची गाठ सोडवली. ती साखळी मूठ करून स्वतःपाशी ठेवली. कळशीतलं गार पाणी त्या मनगटावर ओतलं, हळूहळू, सगळी कळशी संपेपर्यंत. मग अक्कांचाच पदर ओढून तो हात झाकला.

“हात बाहेर काढायचा न्हाय,” त्या म्हणाल्या. “कुणी मागितला तरी न्हाय.”

“आई, अहो, पण उठलंय,” मी म्हटलं. “आपलं खरं झालंय.”

“व्हय. चला.”

सोप्यात आत्या पिशवीला गाठ मारून बसली होती. आमचे हे दाराशी उभे होते. आई पुढं, मागं अक्का, त्यांच्या मागं मी. हाती आलेलं खरं ही बाई घालवते की काय, असं मला वाटत होतं. ते सांगितल्याशिवाय सारिका आम्हाला मिळणार नव्हती, आणि ही म्हणते हात झाकून ठेवा.

“दाव,” आत्या म्हणाली.

“न्हाय दावायची,” आई म्हणाल्या.

“का? उठलं न्हाय वाटतं.”

“उठलं का न्हाय, ते तिचं अंग आन् ती. तुला मला काय त्यात?”

“वयनी, काल काय ठरलं होतं?”

“काल ठरलं ते चुकीचं ठरलं. मी गप बसले, माझं चुकलं.” आईंनी गळ्याचा पदर सोडला आणि खांद्यावरून मागं टाकला. “हौसा, हिकडं बघ. तेल उडालं न्हवतं.”

आत्यानं बघितलं. तिनं तो डाग आधी बघितलाच होता की, लोणी तिनंच लावलं होतं. पण आता मी तिच्याकडं बघत होते आणि तिचा चेहरा कसा बदलला ते मला दिसलं. तिची नजर त्या काळ्या रेघेवरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत गेली, परत आली. मग तिचा हात आपसूक स्वतःच्या गळ्यावर गेला.

“बिब्बा?” तिनं विचारलं. अगदी हळू.

“बिब्बा.”

“माझ्या बोलण्यानं?”

बाहेर सारिका कोंबड्यांना हाकलत होती, तिचा आवाज येत होता.

“मी तवा पोरगी होते, वयनी,” आत्या म्हणाली.

“मी बी,” आई म्हणाल्या.

आमचे हे दारातून आत आले. त्यांनी आईच्या गळ्याकडं एकदाच बघितलं आणि बघवेना म्हणून मान फिरवली. ते तेव्हा अंगावर पीत होते. त्यांच्यासाठी आणि भावजींसाठी तो पट्टा ओढला होता, हे कळायला माणूस फार शहाणा लागत नाही. ते खिशात चाचपडले. मग पुढं होऊन अक्कांच्या पायापाशी केंद्राची किल्ली ठेवली.

“वयनी, संध्याकाळी तुमीच बसा,” ते म्हणाले. “मला ती फॅट न्हाय काढता येत.”

अक्कांनी किल्ली उजव्या हातानं उचलली. डावा पदराखालीच राहिला.

आत्याला फाट्यावर सोडायला मलाच जावं लागलं. पिशवी माझ्या डोक्यावर, ती पुढं. मला बोलायला इतकं होतं, की एकेक शब्द दाताखाली धरून चालत होते. फाट्यावर बाभळीच्या सावलीत उभ्या राहिलो. यस्टीचा धुरळा लांबून दिसायला लागला, तेव्हा तिनं माझा दंड धरला.

“छबू, खरं सांग. उठलं होतं का?”

तिला ते हवं होतं, हे मला दिसत होतं. उठलं म्हटलं असतं, तर मालन खरी ठरली असती, आणि हिची चौकशीही बरोबर ठरली असती. बघून खात्री करून घेतली, एवढंच. उद्या दुसऱ्या कुणाची मान वर करायला ही परत मोकळी. आणि आई परसात हात का झाकत होत्या, ते मला तिथं, त्या फाट्यावर कळलं. माझ्या जिभेवर होतं. कोपरापर्यंत उठलंय, तुमच्या नाकावर टिच्चून उठलंय. आयुष्यात कधी गिळलं नाही, ते मी त्या दिवशी गिळलं.

“मी नाही बघितलं, आत्या,” मी म्हटलं.

यस्टी थांबली. तिनं पिशवी घेतली, पायरीवर एक पाय ठेवला आणि माझ्याकडं वळून बघितलं, मी आणखी काही बोलेन म्हणून. कंडक्टरनं बेल दिली.

परत आले तेव्हा अक्का केंद्रावर जायला निघाल्या होत्या. आई अंगणात वाऱ्याला बसल्या होत्या, आणि त्यांचा पदर मांडीवर पडला होता.